नेमारचा गुडघा बरा झालाय की नाही? झाला असेल तर गडी आहे कुठं?

नेरूळचा मामा
१२ सप्टेंबर २०२४, रात्री १०:४०

मंडळी, हा प्रश्न माझा कमी आणि माझ्या भाच्याचा जास्त आहे. तो सातवीत आहे आणि गेले अकरा महिने दर रविवारी फोनवर एकच विचारतो, "मामा, नेमार कधी येणार?" माझ्याकडची उत्तरं संपली.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या वर्षी २४ ऑगस्टला एएफसी चॅम्पियन्स लीगचा (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) ड्रॉ निघाला आणि मुंबई सिटीच्या गटात सौदीची अल हिलाल आली. नेमार अल हिलालमध्ये येऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं वर्ल्डकप आला की अर्धं गाव ब्राझील आणि अर्धं अर्जेंटिना होतं, आमची गल्ली पिवळी. त्यामुळं त्याच रात्री बहिणीच्या घरी फोन लावला आणि भाच्याला शब्द दिला, "तुला नेमार दाखवणार. टीव्हीवर न्हवं, डोळ्यांनी." निळी दहा नंबरची जर्सीपण घेतली. दोन मापं मोठी घेतली, म्हणजे दोन वर्षं चालंल.

मग १८ ऑक्टोबरची पहाट. माँटेव्हिडिओत उरुग्वे-ब्राझील. गॅसवर चहा ठेवून बघत होतो. नुन्येझनं गोल करून उरुग्वेला पुढं नेलं होतं, हाफटाइमला एक-दोन मिनिटं राहिली होती. उरुग्वेच्या दे ला क्रूझशी झटापट झाली, नेमारचा डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला आणि तो गुडघा धरून खाली. स्ट्रेचरवर नेताना तोंडावर हात घेऊन रडत होता. इकडं चहा उतू गेला. एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) आणि गुडघ्यातली गादी, दोन्ही गेलं.

६ नोव्हेंबरला डी. वाय. पाटीलला गेलोच, शब्द दिला होता ना. सोमवारची रात्र, दुसऱ्या दिवशी पोराची शाळा. नेरूळ स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत नेमारच्याच जर्सी. फुटपाथवर तीनशेला एक, आणि विकणारा ओरडत होता "नेमार, नेमार", जणू आतमध्ये तो वॉर्मअप करतोय. मुंबईचे दहाच गडी उरल्यावर मिकाएल आणि मिट्रोविचनं दोन गोल घातले, २-० हरलो. भाचा परत येताना म्हणाला, "पुढच्या वर्षी येईल ना?" मी म्हटलं, येईल.

तर ते पुढचं वर्ष हे. ऑपरेशन २ नोव्हेंबरला बेलो होरिझोंतेत झालं, ब्राझील संघाचेच डॉक्टर लास्मार यांनी केलं. डिसेंबरात तेच म्हणाले की कोपा अमेरिका (तिकडची देशांची स्पर्धा) विसरा, ऑगस्टपर्यंत येईल. कोपात हा प्रेक्षकांत बसलेला दिसला. ऑगस्ट गेला. आता सौदी लीग सुरू झाली तर यादीत नावच नाही! तिकडं परवा ब्राझील पॅराग्वेकडून १-० हरलं. आणि इन्स्टावर हा पळतोय, बॉल उडवतोय, हसतोय.

नेटवर वाचलेले तर्क असे. एक, ग्राफ्ट (ऑपरेशनात बसवलेली नवी पट्टी) फेल गेला आणि लपवताहेत. दोन, वजन वाढलंय. तीन, क्लबशी वाजलंय, गुपचूप करार मोडणार. चार, जुन्या क्लबला, सान्तोसला परत जाणार. पाच, मायामीला मेस्सीकडं जाणार. यातलं खरं काय? जाणकारांनी सांगावं. माझा स्वतःचा संशय तिसऱ्यावर आहे.

---

ऑफसाइड
१२ सप्टेंबर २०२४, रात्री ११:०५

सहावा तर्क राहिला. मार्चमध्ये बहिणीचा वाढदिवस असतो, त्याची तयारी आतापासून चालू आहे. 😄

जोक सोडा. ज्या माणसानं ऑपरेशननंतर दोन महिन्यांत स्वतःच्या नावाची क्रूझ काढून समुद्रात पार्टी केली, त्याच्या गुडघ्याची काळजी तुम्ही का करताय? त्याला खेळायचंच नाहीये. सुमारे ९ कोटी युरो मोजले क्लबनं. सामने किती? पाच. गोल? एक, तो पण तेहरानमध्ये नस्साजीविरुद्ध. माझ्या सोसायटीच्या टर्फवर मी यापेक्षा जास्त मारलेत.

---

पेठकर
१३ सप्टेंबर २०२४, सकाळी ६:५०

मामा, तू आपल्या गावचा निघालास म्हणून लिहितोय, न्हाईतर मी हितं नुसता वाचतो.

ऑफसाइड, तुझं क्रूझचं वाचलं आणि मला रंकाळा आठवला. सांगतो.

२००९ ची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, एका तालमीकडनं (आपल्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच) उजव्या विंगला खेळायचो. तालमीचं नाव सांगत न्हाई, अजून तिथंच उठबस आहे. शाहू स्टेडियम, दुपारची मॅच, पायऱ्या भरलेल्या. बॉल घेऊन लाइनीकडनं आत वळलो. कुणी धक्का दिला न्हाई, मैदानाचा पण दोष न्हाई. पाय तिथंच राहिला आणि मी वळलो, एवढंच. "टक्" असा आवाज आला. ओला ऊस मोडल्यावर येतो ना, तसा. मला वाटलं समोरच्यानं गार्डवर लाथ घातली. बघितलं तर समोरचा दोन हात लांब.

पाच मिनिटांनी उठून उभा राहिलो. हे लोकांना म्हाईत नसतं, एसीएल गेल्यावर माणूस उभा राहू शकतो. चालूपण शकतो. मी तर परत आत जाऊन दहा मिनिटं खेळलो, सरळ पळताना काही वाटलं न्हाई. मग एकदा थांबून वळायला गेलो आणि गुडघा जागेवरनं सुटला. मांडी एकीकडं, नडगी एकीकडं. दाराची बिजागरी निखळल्यागत.

त्यानंतर चार महिने मी काय केलं, तर तेल लावून घेतलं. हाडवैद्याकडं जायचो, कोंबडीची अंडी आणि हळद लावून पट्टी. सूज उतरली, मी खूश. एमआरआय चौथ्या महिन्यात केला, तेव्हा कळलं की लिगामेंट नावाचं तिथं काही शिल्लकच न्हाई. मग ऑपरेशन. तेव्हा आमच्यात ते करून घेतलेला मला एकच जण म्हाईत होता आणि त्यानं परत बूट घातले नव्हते.

आता रंकाळ्याचं. ऑपरेशनच्या तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालायचं, सपाट जागेवर. म्हणून संध्याकाळी रंकाळ्यावर जायचो. एक दिवस बायको (तेव्हा व्हायची होती) बरोबर होती, आम्ही भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बातमी: "गडी ठणठणीत आहे, पोरगी घेऊन फिरतोय. तालमीला फसवतोय." त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी भारी: "पलीकडच्या पेठेनं पैसे दिलेत, पुढच्या सीझनला तिकडनं उतरणार, म्हणून आत्ता लंगडतोय." आणि मी त्या वेळेला घरात काय करत होतो? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहा सेकंद धरायची, सोडायची. दिवसातनं दोनशे वेळा. मांडी एवढी बारीक झालेली की आई बघायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

चालणं, भेळ खाणं, पोहणं, क्रूझवर नाचणं, इन्स्टावर बॉल उडवणं, हे सगळं एसीएलशिवाय पण होतं रे. कळतं ते फक्त वळताना. पूर्ण वेगात असताना, बॉल पायात असताना, अंगावर माणूस असताना वळलास की कळतं. त्याचा व्हिडिओ कुणी टाकत न्हाई.

मी तेराव्या महिन्यात उतरलो. सरळ रेषेत होतो तसाच होतो, पण वळायच्या आधी डोकं ब्रेक दाबायचं. अर्धा सेकंद. बाहेरून कुणाला दिसत न्हाई, पण समोरच्या बॅकला लगेच समजतं. आणि तिसऱ्या मॅचला काय गेलं सांगू? गुडघा न्हाई. त्याच पायाची मांडी, मागची शीर. दोन महिने परत घरी.

म्हणून माझा अंदाज लिहून ठेव मामा. नेमारचा गुडघा टिकेल. मांडीकडं लक्ष ठेव.

ब्राझीलच्या रोनाल्डोची गोष्ट तर सगळ्यांना म्हाईत आहेच. लाझिओविरुद्ध १२ एप्रिल २००० ला आत आला आणि सहा-सात मिनिटांत तोच गुडघा परत गेला. एसीएल घाईत घेतली की असं होतं.

---

व्यायामशाळा
१३ सप्टेंबर २०२४, दुपारी २:२०

पेठकर, तुमचं लिखाण वाचून माझे दोन पेशंट आठवले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. एक दुरुस्ती: रोनाल्डोची एसीएल नव्हती. त्याची वाटीखालची टेंडन होती, नोव्हेंबर १९९९ मध्ये लेच्चेविरुद्ध अर्धवट फाटली आणि एप्रिलमध्ये पूर्ण. वेगळं दुखणं, वेगळं ऑपरेशन. आणि तो माणूस २००२ मध्ये परत येऊन वर्ल्डकपमध्ये ८ गोल मारून गेला, हेही सांगायला हवं.

बाकी बरोबर आहे. "ग्राफ्ट फेल गेला" या तर्कावर थोडं लिहिते, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा हीच भीती घेऊन येतो. एसीएल शिवत नाहीत, नवी बसवतात. तुमच्याच शरीरातली दुसरी पट्टी काढून, हाडात बोगदा पाडून. ती पट्टी बसवल्या दिवशी चांगली मजबूत असते आणि मग आधी अशक्त होते. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, तिला लिगामेंटचं काम शिकवतं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा पेशंटला वाटतं "आता मस्त झालंय", नेमकी तेव्हा ती सगळ्यात कच्ची असते. माझं निम्मं काम त्या वेळी मुलांना ओरडण्याचं असतं.

नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, यावर अभ्यास झालेले आहेत. पण नऊ महिने झाले म्हणजे झालं, असंही नाही. आम्ही कॅलेंडर बघत नाही, एका पायावर उडी मारायला लावतो. ऑपरेशनवाल्या पायानं दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर कापलं पाहिजे, मांडीची ताकद तितकी पाहिजे. नेमारच्या बाबतीत एसीएलबरोबर गादीही आहे. गादीला टाके घातले असतील तर सुरुवातीचे आठवडे गुडघा वाकवण्यावर आणि वजन टाकण्यावर बंधनं येतात, तितकी मांडी जास्त सुकते. शिवाय वय. फेब्रुवारीत ३२ पूर्ण. आणि याच माणसाचा उजवा पाय २०१८ पासून दोनदा पंजाच्या हाडात आणि त्यानंतर घोट्यात गेलेला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये दोह्यात घोट्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणजे ज्या पायाशी तुलना करायची तो "चांगला" पायसुद्धा डागडुजी केलेला. दहा महिन्यांत नाही आला म्हणून मला काहीच विशेष वाटत नाही.

मामा, भाच्याला माझ्याकडून सांगा, उशीर होणं ही वाईट बातमी नाही.

---

रियाधकर जोशी
१३ सप्टेंबर २०२४, संध्याकाळी ७:१५

सगळे गुडघ्यावर बोलताय. कागदावर कुणी बोललंच नाही.

मी एकोणीस वर्षं इथे आहे, ऑफिसातले निम्मे लोक हिलालवाले, त्यामुळे इच्छा नसताना सगळं कानावर पडतं. मामांचा प्रश्न होता, यादीत नाव का नाही. उत्तर बोटांवर मोजण्याइतकं सोपं आहे. या हंगामात सौदी लीगमध्ये एका क्लबला दहा परदेशी चालतात. त्यातले दोन २००३ किंवा नंतर जन्मलेले हवेत. म्हणजे मोठ्या वयाचे आठच. आता मोजा: बोनो, कूलिबाली, रेनान लोदी, नेव्हेस, मिलिन्कोविच-साविच, माल्कम, मिट्रोविच, आणि ऑगस्टच्या शेवटी आलेला कान्सेलो. झाले आठ. नेमार नववा. त्याला घ्यायचा तर यातला एक बाहेर बसवावा लागतो, आणि तोही अशा माणसासाठी ज्याला ९० मिनिटं खेळून वर्ष होत आलंय. तुम्ही प्रशिक्षक जॉर्ज जेझुस असता तर कुणाला बसवलं असतं?

आणि गंमत म्हणजे क्लबला त्याची गरज पडलीच नाही. तो पडायच्या आधी सुरू झालेली विजयांची मालिका यांनी त्याच्याशिवाय सलग ३४ सामन्यांपर्यंत नेली, विश्वविक्रम केला. लीग एकही सामना न हरता घेतली: ३१ विजय, ३ बरोबरी. किंग्ज कप घेतला, सुपर कप घेतला. माझा सहकारी म्हणतो, "नेमार आमचा सगळ्यात महागडा प्रेक्षक."

पण आशियाई चॅम्पियन्स लीगचं वेगळं आहे. तिथे या हंगामापासून परदेशी खेळाडूंची मर्यादाच काढून टाकली आहे. तर तो दिसला तर तिथेच दिसेल, लीगमध्ये जानेवारीशिवाय नाही. म्हणजे "गुपचूप करार मोडणार" वगैरे काही नको, नुसता कोटा आहे.

ऑफसाइड यांच्या नऊ कोटींबद्दल: देशाकडून खेळताना खेळाडू २८ दिवसांहून जास्त जायबंदी झाला तर फिफा क्लबला पगाराची भरपाई देते, दिवसाला २०,५४८ युरोपर्यंत, जास्तीत जास्त ७५ लाख. नेमारच्या पगाराच्या मानाने ते चहापाणी आहे, पण अगदीच बुडीत खातं नाही.

---

नेरूळचा मामा
१३ सप्टेंबर २०२४, रात्री ११:३०

जोशीसाहेब, हे कुठंच वाचलं नव्हतं. नऊजणांत आठ खुर्च्या! मी अकरा महिने गुडघ्याच्या बातम्या वाचतोय आणि अर्धं उत्तर खुर्च्यांत होतं. आमच्या केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी आठवली. नोंदणीची तारीख गेली की गडी कितीही भारी असू दे, पायरीवर बसून शेंगा खायच्या.

पेठकर दादा, रंकाळ्याचं वाचून जरा लाजलो. कारण त्या कट्ट्यावर असंच बोलणाऱ्यांत मीपण असायचो, २००९ ला मी बारावीत होतो. तुम्ही कोण ते आता बहुतेक ओळखलंय. उजवी विंग, डोक्याला पांढरी पट्टी? बरोबर असेल तर माफी असावी, "पैसे घेतले" हे आमच्या गल्लीत मीच नेलं होतं. चिरमुऱ्याच्या गाडीवर ऐकलेलं.

---

पेठकर
१४ सप्टेंबर २०२४, सकाळी ६:३५

पांढरी पट्टी बरोबर. माफी कसली लका, तेव्हा मीपण दुसऱ्यांबद्दल असंच बोलायचो. पण चिरमुऱ्याच्या गाडीवर कोण होतं ते मला वैयक्तिक निरोपात कळव. पंधरा वर्षं शोधतोय.

---

ऑफसाइड
१४ सप्टेंबर २०२४, सकाळी १०:१०

ठीक आहे, कोट्याचं मान्य. फिजिओताईंचंही मान्य. तरी माझं म्हणणं इतकंच की हा तीस-बत्तीस वर्षांत कधीच धड सलग खेळला नाही. २०१४ ला कोलंबियाच्या सुनिगानं पाठीत गुडघा घातला, मणका मोडला, आणि मग जर्मनीकडून ७-१. २०१९ ला घोटा, कोपा चुकली. ती कोपा ब्राझीलनं जिंकली हे लक्षात घ्या. तुमचा भाचा चुकीच्या माणसावर जीव लावून बसलाय.

---

व्यायामशाळा
१४ सप्टेंबर २०२४, दुपारी १:४५

पाठीत गुडघा घातला यात त्याची काय चूक? 🙂 आणि जो माणूस गेल्या वर्षी ८ सप्टेंबरला बोलिव्हियाविरुद्ध पेलेचा ७७ गोलांचा आकडा मागे टाकून ७९ वर गेला, त्यानं अधूनमधून तरी खेळलं असणार.

---

नेरूळचा मामा
२२ ऑक्टोबर २०२४, रात्री १२:४०

धागा वर काढतोय. आला!!!

अल ऐनमध्ये, जोशीसाहेबांनी सांगितलं तसंच, आशियाई लीगमध्येच. भाचा झोपलेला, बहिणीला फोन करून उठवायला लावला. ती मला जे बोलली ते इथं लिहीत नाही. ७७ व्या मिनिटाला बाहेर उभा राहिला, तोच दहा नंबर. सामना वेडा झाला, ५-४. अल दवसारीची हॅट्ट्रिक. पण आम्ही दोघं फक्त एकच माणूस बघत होतो, तो नेरुळातून मी आणि कोल्हापुरातून पोरगं, फोन चालू ठेवून.

पेठकर दादा, तुमचा अर्धा सेकंद मला दिसला. एकदा डावीकडं त्याला मोकळी जागा होती, पूर्वीचा असता तर आत वळला असता. त्यानं बॉल मागं दिला. भाचा म्हणाला, "मामा, छान पास." मी काही बोललो नाही.

३६९ दिवस झाले, कुणीतरी मोजलेत.

---

पेठकर
२२ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:००

बघितला मी पण. तू ज्या ठिकाणी म्हणतोस तिथं मीपण बॉल मागंच दिला असता. त्यात भीती न्हाई, व्यवहार आहे. पहिल्या मॅचला सगळ्यात मोठं काम म्हणजे स्वतःच्या पायावर चालत बाहेर येणं. ते केलं त्यानं.

आता पुढची मॅच बघू नको. तिसरी बघ.

---

नेरूळचा मामा
५ नोव्हेंबर २०२४, रात्री १:५०

तिसरीसुद्धा लागली नाही.

इस्तेगलालविरुद्ध ५८ व्या मिनिटाला आला. रियाधमध्ये, घरच्या मैदानावर. यावेळी बरा वाटत होता, एकदोनदा वळलासुद्धा. ८७ व्या मिनिटाच्या आसपास एका बॉलसाठी पाय ताणला आणि लगेच मांडीच्या मागं हात गेला. स्वतःच बाहेर चालत गेला, बेंचवर बसला, बूट काढून फेकले. मिट्रोविचनं हॅट्ट्रिक मारली, ३-० जिंकले, कोण बघतंय.

मांडी, पेठकर दादा. मागची शीर. तुम्ही १३ सप्टेंबरला लिहिलेलं वाक्य मी आत्ता परत वर जाऊन वाचून आलो.

उद्या रात्री बरोबर एक वर्ष होईल डी. वाय. पाटीलच्या सामन्याला. भाच्याला अजून सांगितलेलं नाही, सकाळी त्याला स्वतःलाच कळेल.

---

व्यायामशाळा
५ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:३०

त्यानं स्वतः लिहिलंय की पेटका आल्यासारखं वाटलं, पण फार जोराचा. आणि वर्षभरानंतर हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्यात लपवाछपवी काही नाही. गुडघा सावरायला शरीर मांडीकडून जादा काम करून घेतं, आणि मांडीला वर्षभर जोरात पळायची सवय राहिलेली नसते. जिममध्ये कितीही केलं तरी ८७ व्या मिनिटाला, थकलेल्या पायानं, अचानक ताणलेला पाय जिममध्ये बनवता येत नाही.

हॅमस्ट्रिंग भरून येते. चार ते सहा आठवडे धरा. मला काळजी त्यापुढच्याची आहे.

---

रियाधकर जोशी
२८ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६:०५

काल रात्री क्लबनं जाहीर केलं, दोघांच्या संमतीनं करार संपवला. म्हणजे मामांचा तिसरा तर्क शेवटी खरा ठरला, फक्त गुपचूप नव्हता आणि भांडणही नव्हतं. जेझुस या महिन्यात म्हणालेच होते की तो पूर्वीच्या पातळीवर आता खेळू शकत नाही. आठ खुर्च्या भरलेल्याच राहिल्या. सामने ७, गोल १. माझ्या सहकाऱ्यानं आज डब्यात बासबुसा (इकडची रव्याची मिठाई) आणला होता, कशासाठी ते मी विचारलं नाही.

सान्तोसला चाललाय म्हणतात. म्हणजे चौथा तर्कही तुमचाच. लॉटरी काढा.

---

ऑफसाइड
२८ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६:४०

मी काही बोलत नाही. भाच्याला नमस्कार.

---

नेरूळचा मामा
२ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:१५

गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो. जर्सी आता पोराला बरोबर मापाची झालीये, म्हणजे दोन मापं मोठी घेतल्याचा फायदा झाला. पण निळी आता घालायची नाही म्हणतोय. सान्तोसची पांढरी पाहिजे. ती महाद्वार रोडवर मिळंना, पाटाकडील तालमीची मात्र तीन दुकानांत होती.

पेठकर दादांना भेटलो. भाच्याला घेऊनच गेलो होतो. दादांनी पँट वर करून गुडघा दाखवला, दोन बारीक टिंबं आणि एक बोटभर व्रण. पोरानं विचारलं, "दुखतंय काय अजून?" दादा म्हणाले, "पावसाळ्यात आणि जिना उतरताना." मग त्यांनी त्याला एका पायावर उभं राहून डोळे मिटायला लावलं. पोरगं चार सेकंदांत पडलं. रोज दात घासताना हे करायचं असं दादांनी सांगितलंय आणि बहिणीचा कालच फोन आला की बेसिनचा आरसा फुटता फुटता वाचला.

बरं, कामाचं विचारतो. साओ पावलोची राज्य स्पर्धा आपल्याकडं कुठं दिसते का? वेळ पहाटेचीच असणार, त्याची सवय आहे. लिंकबिंक नको, रीतसर पैसे भरून बघायचंय. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.